ओठांनी झिजलेली पाटी

प्रोफेसर तिरापेल्लेंनी पादुआच्या संग्रहालयातली एकतीस नंबरची पाटी चाळीस वर्षांपूर्वी उस्ताद बोनीफाचो या जुन्या ओताऱ्याच्या नावावर करून टाकली, आणि तेव्हापासून त्यांचं स्वतःचं नावही त्या पाटीवरच चाललं होतं. तळहाताएवढं ब्रॉन्झ. त्यावर मेलेल्या लेकाला मांडीवर घेतलेली मरिया आणि तिच्या पायाशी गुडघे टेकलेला देवदूत. पाचशे वर्षांपूर्वीचे हे ओतारी सहसा सही करत नसत. मग बिनसहीच्या कामाचा बाप कोण, हे ठरवायचा मान कुणा विद्वानाला मिळतो, आणि एकदा मिळाला की तो माणूस काही केल्या तो सोडत नाही.

ओर्तेन्सिया ब्रेसानिन ही त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता साठीला टेकलेली. संग्रहातल्या चारशे बारा पाट्यांची सूची तिनं अकरा वर्षं खपून लिहिली होती. छापखान्यातून कच्चे कागद आले होते. मुखपृष्ठावर प्रोफेसरांचं नाव ठळक, खाली तिचं बारीक. आता एकतिसाव्या नोंदीतलं एकच वाक्य तेवढं सहीवाचून अडलं होतं: ‘काल्वेनारा गावच्या चर्चमधली अशीच पाटी ही उशिराची नक्कल आहे.’

ती सही तिच्या हातून होत नव्हती. का, ते तिलाही सांगता येत नव्हतं.

काल्वेनाराची पाटी समोर टेबलावरच, संग्रहालयातल्या पाटीच्या शेजारी होती. चर्चचं छप्पर दुरुस्त होईपर्यंत ती ठेव म्हणून इथे आली होती. आज चर्चची देखभाल करणारा बेपी गालियात्सो ती परत न्यायला आला होता आणि टोपी हातात धरून उभा होता.

“कर सही आणि हो मोकळी,” प्रोफेसर म्हणाले. “या बिचाऱ्याची बस चुकेल. बघतेस काय एवढं? मरियेला नाक नाही, लेकाला तोंड नाही. ओतकाम फसलंय, दुसरं काय! आपली बघ, पापण्या मोजून घे.”

“फसलेलं नाही हो ते,” गालियात्सो म्हणाला. “आमच्यात रविवारी मिस्सेच्या प्रार्थनेच्या वेळी ही पाटी बाकाबाकावरून फिरायची. शांती म्हणायची आणि मुका घ्यायचा. अख्ख्या गावानं, बापजाद्यांपासून. नाक राहील कुठलं?”

प्रोफेसर हसले. “मुक्यांनी ब्रॉन्झ झिजतं? मग माझे गाल अजून शाबूत कसे?”

“ते तुमच्या घरी विचारा, साहेब.”

ओर्तेन्सियाला हसू आवरेना. पण हसता हसताच तिनं भिंग उचललं. मधल्या आकृत्या नदीतल्या गोट्यासारख्या गुळगुळीत होत्या. कोपऱ्यातली ऑलिव्हची पानं मात्र शीर न् शीर दिसावी इतकी कोरीव. ओतकाम वाईट असेल तर पाटी सगळीकडूनच बोथट निघते. ही बोथट होती ती फक्त जिथे ओठ पोहोचतात तिथे.

तिनं कॅलिपर काढला.

“मोज, मोज,” प्रोफेसर आरामात म्हणाले. “आपली एकशे सहा मिलिमीटर, यांची एकशे चार. तयार पाटीवरून साचा घेऊन पुन्हा ओतलं की धातू निवताना आक्रसतो, नक्कल लहान होते. मीच शिकवलंय तुला.”

शिकवलं होतं खरं. पण आजवर ज्यानं त्यानं मोजली ती कडेपासून कडेपर्यंत. संग्रहालयातल्या पाटीची चौकट काल्वेनाराच्या पाटीपेक्षा रुंद होती, आणि ओतण्याआधी मेणाच्या नमुन्यात चौकट वाढवणं हा कुठल्याही ओताऱ्याच्या डाव्या हाताचा मळ. ओर्तेन्सियानं एक टोक मरियेच्या प्रभावळीवर ठेवलं, दुसरं देवदूताच्या अंगठ्यावर. काल्वेनाराची ब्याण्णव. संग्रहालयाची साडेनव्वद, म्हणजे आक्रसलेली तीच. पुन्हा मोजलं. तेच.

“घ्या,” तिनं कॅलिपर त्यांच्या हातात दिला. “हातच्या कांकणाला आरसा कशाला?”

प्रोफेसरांनी दोनदा मोजलं. मग कॅलिपर खाली ठेवला. “आकड्यांनी कलावंत ठरत नाही. डोळ्यानं ठरतो.”

“तुमच्या डोळ्यानं चाळीस वर्षं चौकट पाहिली, प्रोफेसर. आणि मी अकरा वर्षं तुमच्या मागून तीच उतरवली.”

“हे बघ,” त्यांचा आवाज चढला, “माझ्या हयातीत ही नोंद बदलणार नाही. सही नसेल करायची तर मुखपृष्ठावर तुझं नावही राहणार नाही. विचार कर. या वयात दुसरं पुस्तक होणारय का तुझ्याच्यानं?”

होणार नव्हतं. तिला ते पक्कं ठाऊक होतं. पण तिला चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. पाच शतकं गावानं शांती म्हणत ओठ टेकले, आणि त्या ओठांना ही माणसं खुशाल फसलेलं ओतकाम म्हणत होती. त्या माणसांत तीही होतीच.

तिनं ठेवीची पावती ओढली आणि परतीच्या रकान्यात लिहिलं: ‘मूळ काम. मधला भाग चुंबनांनी झिजलेला. संग्रहालयातली पाटी नंतरची नक्कल. घडवणारा कोण, ठाऊक नाही.’ खाली पूर्ण नावानिशी सही ठोकली, आणि पाटी फडक्यात गुंडाळून गालियात्सोच्या हातात दिली.

“रविवारी फिरवू का मग? पहिल्यासारखी?” त्यानं विचारलं.

“खबरदार!” प्रोफेसर ओरडले. “आता तिला कुणी ओठ लावाल तर!”

आपण काय बोलून बसलो ते प्रोफेसरांनाही कळलं होतं.

“नक्कलच आहे ना, प्रोफेसर?” ओर्तेन्सिया म्हणाली. “मग लावू द्या की.”

गालियात्सोनं टोपी डोक्यावर घातली आणि तो निघाला. ओर्तेन्सियानं मुखपृष्ठाचा कच्चा कागद पुढ्यात घेतला, लाल पेन्सिल उचलली आणि आपल्या नावावर आडवी रेघ मारली.

“अगं, वेड लागलंय का तुला?” प्रोफेसरांचा आवाज आता खाली आला होता. “चारशे बारा नोंदी लिहिल्यास तू. नाव नसेल तर उद्या लोकांनी कशावरून समजायचं, हे काम कुणाचं?”

“बिनसहीचं काम कुणाचं ते ओळखणं ही तुमची विद्या,” ती कोट चढवत म्हणाली. “ओळखा आता.”