करवंटीच्या जाळावर चढलेले खापर

मित्रांनो, मी एक जुने खापर आहे आणि मी अतिशय रागावलेले आहे. वस्तूंनी आपली जीवनकथा सांगताना नम्र असावे, गतकाळाचे स्मरण करून मंद सुस्कारे सोडावेत, असा प्रघात आहे. तो मला मान्य नाही. ज्याला ऐकवणार नसेल त्याने खुशाल उठून जावे.

खानदेशाबाहेरच्या लोकांना खापर म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा वाटतो. हा माझा पहिला अपमान. मी तुकडा नव्हे. मी रुंद तोंडाचे, गोल बुडाचे, अखंड मातीचे भांडे आहे. फरक इतकाच की इतर भांडी तोंड वर करून बसतात आणि मी तोंड खाली करून चुलीवर पालथे बसते. माझ्या तापलेल्या बुडावर पुरणाची पोळी भाजली जाते. ती पोळी लाटण्याने होत नाही. ती दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, कोपरापर्यंत वाढवतात आणि मग माझ्या अंगावर अशी सोडतात की एकही सुरकुती पडता कामा नये.

माझा जन्म भडगावचा. गिरणेकाठच्या मातीतून झिपरू कुंभाराने मला घडवले. वच्छलाबाई नावाच्या सुगरणीचे माहेर त्या गावी होते. तिच्यापुढे झिपरूने मला बोटाने वाजवले आणि तो म्हणाला, "देख बाई, कसं वाजस ते! बठ्ठा जाळ सोसी ली हाई." वच्छलाबाईने मला मांडीवर घेऊन एसटीतून चोपड्याला, आपल्या सासरी नेले. एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात माझे ते पहिले स्थलांतर होय. त्या वेळी कुणी अश्रू ढाळले नाहीत.

चोपड्यात माझे वैभवाचे दिवस गेले. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण आला, की सासरी गेलेल्या मुली माहेरी येत, झाडांना झोके बांधले जात आणि मी चुलीवर चढत असे. चुलीत पऱ्हाटी जळे. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरणारी वाळकी काडी ती पऱ्हाटी. ती भुरकन पेटते आणि भुरकन विझते, म्हणून ती मुठीमुठीने सारखी आत सारावी लागते. वच्छलाबाईचा एक हात चुलीकडे, दुसरा पोळीकडे. शेजारणी तोंडात बोट घालून पाहत. मी मात्र लाल झालेले असे, आणि त्या तापण्यासारखे सुख मी पुन्हा कधी अनुभवले नाही.

पुढे घरात गॅस आला. गॅसवर मी बसत नाही. मला एका जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवण्यात आले. "जपून ठेवलंय हो," असे वच्छलाबाई पाहुण्यांना अभिमानाने सांगे. मित्रांनो, या जपण्याचा मला मनस्वी संताप येतो. ज्याचा जन्म जाळासाठी झाला, त्याला चिंध्यांत झाकून ठेवणे याला जपणे म्हणतात काय?

असो. वच्छलाबाईचा मुलगा ललित जळगावला ठिबकच्या नळ्यांच्या कारखान्यात नोकरीस होता. त्याची पत्नी कोकिळा ही धुळ्याची. यंदा संक्रांत झाल्यावर ललितची बदली तमिळनाडूत, कोइमतूर शहराच्या कडेला निघालेल्या नव्या शाखेत झाली. त्याला बढती होती. कोकिळा प्रथम आनंदली. तिचा तो आनंद, मला माळ्यावरून काढून चोपड्याहून घेऊन आलेल्या वच्छलाबाईने नष्ट केला.

"तठे आपला कोन्ही नही," ती सामान बांधता बांधता सुनेला सांगू लागली. "भाषा समजाव नही. आजारी पडनी तर कोन देखी तुले?"

"आई, माणसंच राहतात तिथं," ललित म्हणाला.

"तू गप ऱ्हाय! तू कारखानामा जाशी, हाई घरमा एकटी बसी."

सामान नेणारा ट्रकवाला नासीर हा जळगावचाच. त्याने मला उचलून विचारले, "अक्का, ये मटका सीधा रखूँ के उलटा?"

"मटका म्हणस का रे? डोया शेतस का नही? खापर शे ते!"

"खापर है तो पहुँचते पहुँचते चूरा होगा. मैं उधर दस बार माल छोडके आया, अक्का. आदमी अच्छे हैं, रास्ता खराब है."

या बोलण्यावर वच्छलाबाई हसेल, असे मला वाटले. पण तिचा चेहरा उतरला. तिने मला लुगड्याचा आणखी एक वेढा दिला आणि कोकिळेच्या कानाशी लागून ती म्हणाली, "संभाळजो. हाई फुटनं, तर समजी ले, तुना संसार तठे टिकाव नही."

मित्रांनो, हा माझा दुसरा आणि सर्वांत मोठा अपमान! मी पोळ्या भाजणारे भांडे. कुणाच्या संसाराचे भविष्य माझ्या बुडावर लिहिलेले नाही. परंतु एका बाईने आपली भीती माझ्या पोटात भरली आणि दुसऱ्या बाईने ती खरी मानली.

नासीरने मला सुखरूप पोहोचवले. तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात कोकिळेने मला प्रथम माळ्यावर चढवले, नंतर इतर सामान सोडले. तेथून पुढे जे चालले, ते पाहून माझी माती आतल्या आत तापत होती. कोकिळा घराबाहेर पडेना. दाराची कडी वाजली, की ती श्वास रोखून बसे. दूध ललित आणी, भाजी ललित आणी. खाली राहणारी घरमालकीण वळ्ळीअम्मा दोनदा काही विचारावयास वर आली. कोकिळेने दाराच्या फटीतून नुसती मान हलवली. गिरणीत दळण टाकायचे, तर तेही ललितने. आणि रोज एकदा माळ्याकडे पाहून, मी शाबूत आहे, याची ती खात्री करून घेई.

आखाजी जवळ आली. आमच्याकडे आखाजीला मुलीला माहेरी नेण्यासाठी भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात. कोकिळेने धुळ्याला आपला भाऊ भूषण यास कळवले, की त्याने मुराळी म्हणून यावे आणि आपल्याला घेऊन जावे. आपण पुन्हा इकडे येणार नाही, असेही तिने कळवले. ललितलाही तिने तसे सांगितले.

ललितने हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "तू गेलीस तर मीही राजीनामा देतो. एकटा मी काय करू इथं?"

त्याचा चेहरा पाहून मला त्याचा राग आला नाही. बाकी सर्वांचा आला.

सणाच्या आदल्या सकाळी, ललित कामावर गेल्यावर, भूषणचा फोन आला. कोकिळेने तो मोठ्या आवाजावर लावला.

"ताई, मी काय म्हणस... मी सुरतना पुढे कधी गयू नही. तठे उतरीसन कोनले इचारू? तूच ये ना एकटी. तुले तर तठलं बठ्ठं माहीत व्हई गयं व्हई."

"माले?" कोकिळा ओरडली. "मी अजून जिनाखाले उतरनी नही रे!"

हे वाक्य तिने प्रथमच उच्चारले आणि ते ऐकून ती स्वतःच दचकली. मुराळी घाबरला होता! ज्याने तिला भीतीतून सोडवून न्यायचे, तोच धुळ्यात बसून थरथरत होता. कोकिळेने फोन गादीवर फेकला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते, अंगार होता. तिने स्टूल लावले, मला खाली ओढले आणि माझे लुगडे असे फेडले, की त्याचा टर्रकन आवाज झाला. शाबास, असे मी मनात म्हटले.

ती जिना उतरली. एकटी उतरली. अंगणात नारळाच्या वाळक्या करवंट्यांचा ढीग होता. तिने हातवारे करून तो वळ्ळीअम्माला मागितला, टोपलीभर उचलला आणि गच्चीवर विटांची चूल मांडली. पुरण झाले, कणीक मऊ मळली, मी विटांवर पालथे बसले. आणि येथेच त्या खानदेशी मुलीने खानदेशी चूक केली. पऱ्हाटी सारावी, तशा ती मुठीमुठीने करवंट्या आत सारू लागली. अहो, करवंटी म्हणजे पऱ्हाटी नव्हे! ती तेलकट असते, हट्टाने जळते, विझत नाही. मी ओरडत होते, "पुरे! पुरे!" परंतु वस्तूंचे कोण ऐकतो?

काळा धूर उठला. जिन्यावर धाडधाड पावले वाजली आणि वळ्ळीअम्मा गच्चीवर आली. ती तिच्या भाषेत जे बोलली, त्यातला शब्दही मला कळला नाही, अर्थ मात्र पूर्ण कळला. दोरीवर तिच्या धुतलेल्या पांढऱ्या साड्या वाळत होत्या, त्या काजळीने भरल्या होत्या.

कोकिळा उलट उसळली. "धूर व्हयना तर काय व्हयना? आज मनी आखाजी शे, उद्यानी वाट कोन देखी! मी काय कोन्ही चोरी करी का?"

वळ्ळीअम्माने साडी नाचवली. कोकिळेने लाटण्यासारखा हात नाचवला. इतक्या दिवसांत कोकिळा प्रथमच या गावाशी बोलत होती, आणि खणखणीत अहिराणीत भांडत होती. मला तिचा अभिमान वाटला.

तेवढ्यात खट्ट असा आवाज झाला. माझ्या बुडापासून काठापर्यंत तडा गेला.

दोघींचे भांडण तेथेच तुटले. कोकिळेचा हात तोंडावर गेला. सासूचे शब्द तिला आठवले, हे मी ओळखले. आता ती रडेल, सामान बांधेल, असे मला वाटले. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने पदर खोचला. "फुटनं ते फुटनं," ती म्हणाली. "पोयी तर भाजीसनच ऱ्हासू."

वळ्ळीअम्माने कपाळावर हात मारून घेतला. चिमट्याने तिने निम्म्या करवंट्या बाहेर ओढल्या आणि एका भांड्याला एवढा जाळ लावतात काय, अशा अर्थाचे सासूसारखे काहीतरी बडबडत नारळाच्या वाळक्या झावळ्या आत सरकवल्या. जाळ हलका झाला. कोकिळेने पोळी हातावर घेतली, कोपरापर्यंत फिरवली आणि माझ्या तडकलेल्या अंगावर सोडली. ती तड्यावर फाटली, पुरण करपले. वळ्ळीअम्माने ती तशीच खाल्ली, आणि खाऊन झाल्यावर साड्यांकडे बोट दाखवले. त्या साड्या कोकिळेने दुसऱ्या दिवशी स्वतः धुऊन दिल्या.

त्यानंतर दोघी मला घेऊन कुंभाराकडे गेल्या. त्याने प्रथम सपाट बुडाचे मडके दिले. कोकिळेने ते परत केले. त्याने पाणी भरून दाखवले. कोकिळेने ते ओतून, मडके पालथे घातले आणि ती हातवाऱ्यांनी त्याच्याशी यथेच्छ भांडली. अखेर गोल बुडाचे नवे खापर तयार झाले. ते परक्या नदीच्या मातीचे आहे, बोलते वेगळे, वाजते मात्र माझ्यासारखेच. ललितने राजीनाम्याचा विषय पुन्हा काढला नाही.

गेल्या रविवारी कोकिळेने भूषणला फोन केला. "तू जळगाव ठेसनवर उभा ऱ्हाय. मी येस तुले लेवाले. आते मीच तुनी मुराळीण." मागून, धुळ्याला व्याह्यांकडे आलेल्या वच्छलाबाईचा आवाज आला, की माले बी येनं शे, पण गाडी बदलावी लागते म्हणे. "तुमलेबी आणसू," कोकिळा म्हणाली.

तेव्हा मित्रांनो, माझे सांगणे रागाचे आहे, पण ऐकून ठेवा. तुमच्या घरातून कुणी परमुलखात निघाले, तर त्याच्याबरोबर लोणचे द्या, पापड द्या, सांडगे द्या. आपली भीती मात्र त्याच्या गाठोड्यात बांधू नका. निघणाऱ्याजवळ स्वतःची पुरेशी असते.