कालव्याजवळच्या वळणाचा ढाळ

कोंडिबानं चाळीस वर्षं रस्त्याची कामं केली होती. खडी पसरता पसरता तो मुकादम झाला, आणि रस्ता कुठं चुकलाय हे नुसतं चालताना त्याच्या तळपायांना कळायचं. निमोण्याच्या अलीकडं, कालव्याजवळ नवा रस्ता वळवताना ते तसंच कळलं.

"साहेब, ढाळ उलटा पडतोय," तो इंजिनिअरला म्हणाला. "वळणावर बाहेरची कड उचललेली पायजे. हितं ती कालव्याकडं झुकलीय. भरलेली गाडी कलंडंल."

"आबा, नकाशात आहे तसं करा. उद्घाटनाची तारीख ठरलीय."

कोंडिबानं आणखी एकदा सांगून बघितलं. मग मान खाली घातली आणि गड्यांना डांबर टाकायला सांगितलं.

त्याची लेक तेजश्री शिरूरला नर्स होती. त्याच रस्त्यानं स्कूटीवरून जायची. "आबा, तुमच्या रस्त्यानं वीस मिनिटं वाचतात," असं चारचौघांत कौतुकानं सांगायची.

जानेवारीतल्या एका सकाळी समोरून येणारी उसाची ट्रॉली त्या वळणावर तिच्या अंगावर कलंडली. गाव धावलं. कोंडिबा मोळ्या उपसत राहिला. आधी डब्याची पिशवी हाती लागली, मग तिचा हात. तो गार पडला होता.

तेराव्यानंतर चौकशीला एक साहेब आले. त्यांनी लिहिलं, ट्रॉलीत जादा ऊस.

"तेवढाच ऊस पुढच्या तीन वळणांवरनं रोज जातो की," कोंडिबा म्हणाला. "ढाळ मोजा साहेब. आन् लिहा, हा रस्ता कोंडिबानं केला. त्याला ठावं हुतं, तरी केला."

"आबा, तुमचं दुःख कळतं. पण मुकादमाचं नाव यात येत नाही."

"मग कुणाचं येतं?"

साहेबांनी कागद फायलीत घातला आणि ते गाडीत बसले.

घरी येऊन त्यानं बायकोला, साळूबाईला, सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती.

"तवाच काम सोडलं असतं तर?" तिनं विचारलं.

"दुसऱ्या कुणी केलं असतं. रस्ता तसाच झाला असता."

"व्हय. पण आपल्या हातनं झाला नसता."

ती रागानं बोलली नव्हती. हळूच बोलली होती. लेक गेल्यापासून कोंडिबाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता तो तिच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडला, आणि साळूबाईनं त्याला उठवलं नाही.