डावीकडचं चित्र

इनोकेन्ती ल्वोविचना मी शिव्याच देणार आहे, कुणाला राग आला तर येवो. रशियातल्या सारातोव्हमधले समाजशास्त्राचे मोठे मार्गदर्शक, आणि उतारवयात त्यांना गणिताचं खूळ लागलं. समाज म्हणे सरळ रेषेत चालत नाही. वर्षानुवर्षं काही होत नाही आणि एका क्षुल्लक गोष्टीनं सगळं उलटंपालटं होतं. हे मला पटलं होतं, म्हणून तर मी त्यांच्या हाताखाली गेले. आमच्या सिमेंट कारखान्याच्या गावात कामगारांचा राग कसा चढत-उतरत गेला, हा माझा प्रबंध.

पण कामगारांची पाहणी वर्षातून एकदाच व्हायची. अठरा वर्षांचे मिळून अठरा आकडे.

"एवढ्यानं काय होतंय? मधल्या जागा संगणकाकडून भरून घे," ते म्हणाले.

संगणकानं दोन आकड्यांच्या मध्ये गुळगुळीत वळणं काढून हजारो आकडे केले. त्यांतून, त्यांच्या गणिताच्या पुस्तकांत असतं अगदी तसं, दोन पंखांसारखं चित्र उमटलं. म्हातारा टाळ्या पिटायला लागला. "हा बघ तुझ्या गावाचा स्वभाव!"

"पण हे हजारो आकडे गावानं कुठे दिलेत?"

"नेल्या, तुला पदवी हवीय की वाद घालायचाय?"

मला पदवी हवी होती. तिच्याशिवाय विभागातली माझी नोकरी जूनमध्ये संपत होती.

मे महिन्यात प्रबंध मांडायला पदवी देणाऱ्या मंडळासमोर उभी राहिले. परीक्षक पदार्थविज्ञानवाले तिमूर रशीदोविच. ल्वोविचशी त्यांचं जुनं वाकडं, तरी लेखी अभिप्राय अनुकूल दिलेला. ते उठले आणि पडद्यावर दोन चित्रं लावली.

"एक यांच्या गावाचं. दुसऱ्यासाठी मी वर्षं पत्त्यांसारखी पिसली आणि मधल्या जागा तशाच भरल्या. इनोकेन्ती ल्वोविच, तुमचं गाव कुठलं?"

"डावीकडचं! आंधळाही सांगेल."

"डावीकडचं पिसलेलं आहे."

सगळे खो खो हसले. मग अध्यक्षांनी मला विचारलं, मार्गदर्शकांशी सहमत आहात का?

"नाही," मी म्हटलं. "मलाही ओळखता येत नाही. यात गाव नाहीच, नुसती संगणकाची वळणं आहेत."

"कृतघ्न!" म्हणत ल्वोविच निघून गेले. मंडळाच्या मतांच्या चिठ्ठ्या मोजल्या. पदवी गेली.

निकाल काही लागो, परीक्षकांना जेवू घालायची आमच्यात रीत आहे. शेजारच्या खोलीत आईनं टेबल मांडलं होतं. तिमूर रशीदोविच कोबीचं सारण भरून भाजलेल्या पिरोगचा मोठा तुकडा घेऊन मजेत खात होते.

"वाईट वाटून घेऊ नका. खरं बोललात, शाब्बास."

"प्रबंध तुमच्याकडे कधी आला होता?"

"मार्चमध्ये."

"आणि ही चित्रं?"

"त्याच आठवड्यात काढली."

"मग एक फोन का नाही केलात? मी दुरुस्त केलं असतं सगळं."

"अहो, मग त्या म्हाताऱ्याचं तोंड बघायला कसं मिळालं असतं?"

मी त्यांच्या हातातली बशी काढून घेतली. आई धावत आली. "अगं, पाहुणे आहेत ते!"

"यांना मार्चपासून ठाऊक होतं, आई. मजा बघायला गप्प बसले."

आईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग खुंटीवरचा त्यांचा कोट आणून त्यांच्या हातात दिला.