पहिला कुठं गेला

माझा पहिला मुलगा हरिओम तापात गेला, तेव्हा त्याला उचलण्याआधी सासूबाईंनी त्याच्या पाठीवर काजळाचं बोट टेकवलं. परत आला की ओळखू यावा म्हणून. रडूही दिलं नाही कुणाला. रडलं की येणाऱ्याला वाट सापडत नाही म्हणे. पुढच्या वर्षी दुसरा झाला. त्याच्या पाठीवर, जरा खाली, तीळ निघाला. आष्टीत घरोघर पेढे गेले. बारशाला नाव काय ठेवायचं, हे कुणी विचारलंच नाही. हरिओमच.

मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकलेली. कुऱ्हाडीचा दांडा बदलला, मग पातंही बदललं, तर कुऱ्हाड तीच का, यावर पानंच्या पानं लिहिलेली. तरी रात्री त्या तिळावर हात ठेवल्याशिवाय मला झोप लागत नाही.

परवा रविवारी दुपारी हरी माझ्या मोबाइलवर त्याचं लाडकं कार्टून बघत होता. अवकाशयानाची विनोदी मालिका आहे. यानावर टिंगू नावाचा पोरगा. दर भागात काहीतरी घोळ होऊन तो बाहेर फेकला जातो. मग कॅप्टनबाई मशीनचं बटण दाबतात, त्यातून तसाच नवा टिंगू बाहेर पडतो आणि त्या म्हणतात, "चल, भांडी राहिलीत." इथं हरी हमखास खिदळतो. परवा आवाज आला नाही, म्हणून मी मेथी निवडायची सोडून वळले.

"काय रे? पोट दुखतंय?"

"न्हाई. आई, नव्या टिंगूला निळी खीर आवडत न्हाई. पण जुन्याला आवडायची म्हणून समदे त्याला तीच वाढून राह्यले. अन् तो गपचिप खाऊन राह्यला."

"का बरं?"

"न्हाई खाल्ली तं त्यांना कळल ना, हा तो न्हाई म्हणून." मग खाली बघत म्हणाला, "मला बी सीताफळ आवडत न्हाई."

पहिल्याला सीताफळाचं वेड होतं. म्हणून दर हंगामात सासूबाई याला मांडीवर घेऊन भरवतात. हा डोळे मिटून खातो. गोडीनं मिटतो, असं वाटायचं आम्हाला.

"अन् आई, जुना टिंगू बाहेरच तरंगून राह्यला. खिडकीतून दिसतो. कुणीच आणायला जात न्हाई. आपला बी बाहेरच हाय का? एकटाच?"

हा तोच, असं म्हटलं तर माझ्यासमोर बसलेला हा कुणीच नाही. हा वेगळा, असं म्हटलं तर तो खरंच गेला.

तेवढ्यात सासूबाई ताटली घेऊन आल्या. "ये रे राजा, बघ कसं पिकलंय. जल्दी ये, न्हाईतर तुझी माय खाईल."

हरी उठला. त्यांच्या मांडीवर बसून त्यानं तोंड उघडलं आणि डोळे मिटले.

"आत्याबाई, याला नका देऊ. नाही आवडत त्याला."

"कुणी सांगितलं? जलमाचा येडा हाय हा सीताफळाचा."

"तो होता. हा नाही."

"अगं, तेच तं म्हणते, हरी—"

"हरी गेला, आत्याबाई. हा त्याचा भाऊ आहे."

"शिकून शिकून काळीज वाळलं का गं तुझं?"

त्यांनी त्याचा सदरा वर केला, तिळावर बोट ठेवलं, मग त्याच्या तोंडाकडे बघितलं. कितीतरी वेळ. पोरगं घाबरलं.

"आजी, मी खातो. दे."

सासूबाईंनी सदरा खाली ओढला, त्याला हळूच मांडीवरून उतरवलं आणि त्या परसात गेल्या. मग इतक्या वर्षांचा हंबरडा फुटला. "हऱ्या रे... माझ्या लेकरा... कुठं गेलास रे..."

"आलो आजी," म्हणत हा धावला. दारापर्यंत गेला, आणि थांबला. जावं की नाही, ते त्याला कळेना. माझ्याकडे बघत तो उंबऱ्यातच उभा राहिला.