पोटावरच्या वीस रेघा

मित्रांनो, माझं आयुष्य उडण्यापेक्षा गोंद सुकण्याची वाट पाहण्यातच जास्त गेलं. मी फोमचं एक जुनं खेळातलं जेट आहे. पोटात विजेवर फिरणारा पंखा, अंगभर ठिगळं.

माझे मालक चारुदत्त नाशिकचे, आखातातल्या जुबैलच्या एका कारखान्यात इंजिनिअर. त्यांचा जीव मात्र दुसऱ्या जेटवर. दोन वर्षं खपून त्यांनी ते जोडलं होतं. त्याच्या पोटात खरं टर्बाइन, रॉकेल पिणारं. पण वाळवंटातल्या आमच्या क्लबचा नियम होता: आधी विजेच्या जेटवर वीस निर्दोष लँडिंग, मगच टर्बाइन. मोजणी ज्याची त्यानं ठेवायची. चारुदत्त माझ्या पोटावर पेन्सिलीनं रेघा मारत.

आता माझं दुखणं ऐका. दर शुक्रवारी सकाळी ते मला फार हळू, फार खाली आणत. धावपट्टीच्या अलीकडे वाळू दिसली की घाबरून रिमोटवरचा थ्रॉटल, म्हणजे वेगाची दांडी, पुढे रेटत. मी पडलो विजेचं जेट, हाकेसरशी ओ देणारं. मी कसंबसं उसळून पट्टी गाठत असे, आणि हे खुशाल रेघ मारत.

क्लबमधले जुनेजाणते इस्मतभाई एकदा म्हणाले, "चारूभाई, थ्रॉटल तीन सेकंद पहले दिया करो. टर्बाइन देर से सुनता है. इस बिजलीवाले ने आपको बिगाड रखा है."

"पता है, इस्मतभाई," म्हणत चारुदत्तांनी आणखी एक रेघ ओढली.

मी बिघडवलं? जीव तोडून सावरायचं मी, आणि बोलही मलाच! मला तोंड असतं तर तिथंच सुनावलं असतं.

वीस रेघा भरल्या. त्यातल्या खऱ्या सहा.

"खलास, तुझं काम संपलं," म्हणून त्यांनी मला गाडीत टाकलं. काचेतून मी पाहत होतो. टर्बाइन डौलात वर गेलं, झोकात वळलं. उतरताना मात्र तीच गत: फार हळू, फार खाली. चारुदत्तांनी थ्रॉटल रेटला. एक. दोन. तिसऱ्या सेकंदाआधीच त्यानं वाळूत नाक खुपसलं. पंख एकीकडे, चाकं दुसरीकडे.

मला आनंद झाला नाही, मित्रांनो. चीड आली. चौदा वेळा मी हीच चूक पोटात घातली होती.

तुकडे गोळा करून चारुदत्त गाडीशी आले. इस्मतभाईंनी हळूच विचारलं, "बीस पक्के थे?"

मित्रांनो, मला काचेच्या कपाटात ठेवू नका, माझी धूळही पुसू नका. फक्त मी सावरून घेतलेली चूक तुमच्या नावावर मांडू नका. खरा आकडा मला एकट्यालाच ठाऊक आहे, असं मी समजत होतो.

चारुदत्तांनी मला उलटं केलं, बाटलीतल्या पाण्यात अंगठा भिजवला आणि एकेक रेघ पुसू लागले. सहा उरल्या, तेव्हा त्यांचा हात आपोआप थांबला.