मोड आलेल्या मक्याचे आठ ट्रे

अण्णांनी उभी हयात धान्याच्या गोदामात पोत्यांत नाक खुपसून घालवली. पोतं उसवायचं, मूठभर दाणे ओंजळीत घेऊन हुंगायचे आणि निकाल द्यायचा: हा माल भिजलेला आहे, वरवर वाळवलाय, परत पाठवा. मालकाची काय बिशाद होती नाही म्हणायची! असा माणूस घरी बसला की काय होतं ते सांगायला नको. उठताबसता सुनेच्या स्वयंपाकात खोड काढायची, बेल वाजली की आपणच धावायचं, आणि दुपारभर भिंतीकडे बघत बसायचं.

त्यातून त्यांना वर काढलं ते मक्यानं. परसात एक गाय होती, डझनभर कोंबड्या होत्या, आणि हिरवा चारा मिळेनासा झाला होता. मुलगा म्हणाला, "गाय देऊन टाकू. गोठ्याची खोली करू. तुम्हीही थोडे दिवस ताईकडे राहून या, अण्णा." ताई म्हणजे अण्णांची थोरली मुलगी, राहायला लांब. थोडे दिवस म्हणजे किती, हे अण्णांनी विचारलं नाही. त्यांना कळलं. पंधरा दिवसांत त्यांनी गोठ्याशेजारच्या मोरीत लोखंडी मांडणी उभी केली आणि तिच्यावर आठ ट्रे लावले. मका भिजत घालायचा, ओल्या पोत्यात मोड काढायचे, तळाला भोकं पाडलेल्या ट्रेत पसरायचा, दिवसातून सहा वेळा पाणी शिंपडायचं. चौथ्या दिवशी कोंबड्यांपुरता काढून घ्यायचा, आठव्या दिवशी मुळांसकट वीतभर हिरवी सतरंजी गुंडाळायची आणि गाईपुढे टाकायची. गाय अशी खायची की बघत राहावं. गाय द्यायचं मुलगा बोलायचा बंद झाला, ताईचंही नाव निघेना. अण्णांना दोन वेळचं जेवण पुन्हा हक्काचं वाटायला लागलं.

या कामात एकच मेख आहे. मक्याच्या मुळांना पांढरी लव येते आणि बुरशीही पांढरीच असते. डोळ्यांना दोन्ही सारखंच. ओळखायचं ते वासावरून: चांगल्या ट्रेला ताज्या गवताचा वास, बिघडलेल्याला आंबूस, कोंदट. आणि थंडीत येऊन गेलेल्या तापापासून अण्णांना वास येत नव्हता. कशाचाच. साबणाचा नाही, रॉकेलचा नाही. ही गोष्ट त्यांनी कुणाला म्हणून सांगितली नव्हती. सांगून काय, ताईकडचं तिकीट काढून घ्यायचं? ते रोज सकाळी सहाला प्रत्येक ट्रेवर वाकायचे, डोळे मिटून हुंगल्याचं सोंग करायचे आणि "झकास" म्हणायचे. माणूस इतका पक्का की कधीकधी त्यांना स्वतःलाच वास आल्यासारखं वाटायचं.

कटकट निराळीच उपटली. मधूनच एखादा ट्रे रिकामा सापडायचा, धुऊन पालथा घातलेला. सुनेला विचारलं, तर म्हणाली, "उंदरांनी नासला होता, टाकला." एकदा उंदीर, एकदा मांजर, एकदा "माझ्याच हातून पडला." सूनबाई कपडे शिवायच्या कारखान्यात जायची, पहाटे पाचला उठायची, आणि मोरीतल्या चिखलावरून आधीच कुरकुरत असायची. अण्णांनी काय ते ताडलं. हिला मोरी मोकळी हवी, गाय नको, आणि सासरा तर त्याहून नको.

एक दिवस ते मुद्दाम लवकर उठले. सून उकिरड्याशी उभी, हातात रिकामा ट्रे, पायाशी हिरवागार चारा पडलेला. अण्णांनी मुलाला अंथरुणातून ओढून आणलं.

"बघ. डोळ्यांनी बघ. माझ्या पोटावर पाय देतेय ही."

"काय गं हे?" मुलानं विचारलं.

सुनेनं तोंड उघडलं. नवऱ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं.

"बोलायला जागाच नाही तिला," अण्णा म्हणाले.

"आजपासून अण्णांच्या कामाला तू हात लावायचा नाहीस," मुलगा म्हणाला. "एक बोटही नाही."

"बरं," सून म्हणाली.

त्यानंतर आठच्या आठ ट्रे रोज जागेवर. अण्णा खूश. शेजारच्या न्हाव्याला त्यांनी ऐकवलंसुद्धा, "घरात एकदा धाक बसवावाच लागतो."

अकराव्या दिवशी गाय उठेना. मागचे पाय लटलट कापत होते. अर्धी उठायची आणि मागून बसायची. दुपारी तिनं मान जमिनीला टेकली. जनावरांचा डॉक्टर आला, त्यानं सुया टोचल्या, पापण्या उलटून पाहिल्या आणि गव्हाणीत उरलेला चारा नाकाशी नेला. त्यानं तोंड फिरवलं.

"हे कुणी घातलं हिला? नुसती बुरशी आहे. दारापर्यंत वास मारतोय."

मुलानं हुंगलं. त्याचंही तोंड वाकडं झालं. "अण्णा?"

"सकाळी तर चांगला होता," अण्णा म्हणाले. आणि जे बोलायला नको होतं तेही बोलून गेले. "आता माझ्या पाठीमागे कुणी काय कालवलं, मला काय माहीत."

सून कारखान्यातून नुकतीच आली होती. पिशवी अजून खांद्याला होती.

"कुणी काही कालवलं नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "अण्णांना वास येत नाही. थंडीपासून येत नाही. दूध करपून पातेलं काळं झालं, तेव्हा हे शेजारीच पेपर वाचत बसले होते. मी रोज पाचला उठून आठही ट्रे हुंगत होते. बिघडलेला असेल तो टाकत होते."

"मग त्या दिवशी का नाही बोललीस?"

"तुमच्यादेखत त्यांना उघडं पाडायचं जिवावर आलं. या कामाला लागल्यापासून दोन घास जास्त जेवत होते." तिनं पिशवी खाली ठेवली. "नंतर मात्र रागानं नाही बोलले. हात लावू नको म्हणालात, नाही लावला. हा वास मला तीन दिवस येत होता. गाईचं पाप माझ्याही माथी आहे."

गाय चारच्या सुमारास गेली. डॉक्टर हात धुऊन निघून गेला. कोंबड्या तरी वाचवायला हव्यात म्हणून मुलगा मोरीत शिरला, एकेक ट्रे हुंगत सुटला, आणि त्यातला एक उचलून अण्णांसमोर घेऊन आला.

"हा कसा आहे, सांगा."

अण्णांनी छाती भरून श्वास घेतला. पुन्हा घेतला. गार हवा आत गेली, बाकी काही नाही. मुलाच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का, त्यांनी पाहिलं. सुनेकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

"चांगला आहे," अण्णा म्हणाले.

मुलानं तो उकिरड्यावर नेऊन ओतला आणि परत आला.

"चला अण्णा, आत चला," तो म्हणाला. "ताईला मी फोन करतो."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर अण्णा भांडले असते.