राही मेडिकलात लागली

श्रीपतीशेठ शेट्यांच्या किराणा दुकानात राहीचा आवाज आधी ऐकू यायचा, मग दुकान दिसायचं. राम आळीत वळलं की कानावर पडे, "काकी, त्या पोत्यातला गूळ नको, नवा आलाय तो घ्या!" शेठना कानानं कमी ऐकू येई, त्यामुळं त्यांना राहीचा आवाज बेताचाच वाटे. गिऱ्हाइकांनाही त्याची सवय झाली होती. कोणाकडं मुंबईचे पाहुणे आलेत, कोणाच्या घरी हल्ली साबुदाणा फार खपतो, कोणाची सून माहेरी गेल्यापासून चहापूड पुरून उरते, हे सगळं राही तराजू हातात धरून जाहीर करायची. लोक हसायचे, दोन गोष्टी जास्तीच्या घ्यायचे आणि निघायचे. साखर कोण किती खातं हे गावाला कळलं म्हणून कोणाचं काय बिघडणार होतं?

राहीला त्या दुकानात एकच वैरी होता. शिमगा उलटला की मिरच्यांची पोती येत आणि राहीचं नाक सुरू होई. ती शिंकायला लागली की वजनाचा काटा हले. तिचा नवरा सदू एस.टी.च्या वर्कशॉपात होता. माणूस मुळात अबोल. पण त्या वर्षी तोही कंटाळून म्हणाला, "राही, मिरची तरी सोड नायतर नाक तरी. दोन्ही एका घरात नांदायची नाय."

म्हणून एका दुपारी राही डोळे पुसत सिव्हिल हॉस्पिटलच्या अंगाला असलेल्या जोगळेकरांच्या मेडिकलात गेली. दुकान मालिनीताईंचं. त्या कराडला फार्मसी शिकून आलेल्या, लग्नानंतर त्यांनी हे दुकान काढलेलं. बाई हुशार, बोलणं मऊ. त्या आतल्या बाजूला औषधं तपासत बसत आणि काउंटरवर भागोजी नावाचा वयस्क, मोठ्या मिशांचा माणूस उभा असे. भागोजी सज्जन होता. पण त्याच्या मिशांकडं बघून पुष्कळ बायकांची वाचा बसायची.

राही पोचली तेव्हा बाहेरच्या पायरीवर चारपाच बायका पदराचं टोक चावत उभ्या होत्या. कोणी आत जाईना.

"काय गो, रांग हाय काय?" राहीनं विचारलं.

"नाय. तू जा पुढं."

"मग तुम्ही काय उन्हं खायला आलाव?"

एकीनं तिला बाजूला घेतलं आणि कानात काहीतरी सांगितलं. मग दुसरीनं सांगितलं. राहीनं सगळ्यांच्या चिठ्ठ्या गोळा केल्या, सरळ आत गेली, भागोजीला वळसा घालून मालिनीताईंसमोर त्या ठेवल्या आणि एक दणदणीत शिंक दिली.

मालिनीताईंनी आधी बायकांचं काम केलं, मग राहीच्या नाकाचं. गोळ्या देताना म्हणाल्या, "या बायका आठवडाआठवडा नुसत्या येऊन परत जातात. तुझ्याशी कशा बोलल्या गं?"

"माझ्याशी सगळी बोलतात, ताई."

"माझ्याकडं येशील का कामाला? मिरची नाही इथं."

राहीनं छताच्या मोठ्या पंख्याकडं पाहिलं, काचेच्या कपाटांकडं पाहिलं आणि तिला आपण तिथं उभ्या आहोत असं दिसायलाच लागलं. ती नववी पास होती. इंग्रजी अक्षरं लावून वाचता येत होती. श्रीपतीशेठना तिनं सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा "काय?" म्हणून विचारलं. तिसऱ्यांदा ऐकू आल्यावर मात्र ते मुकाट्यानं उठले, तिच्या पोरांसाठी खडीसाखरेची पुडी बांधली आणि म्हणाले, "जा. पण आता माझ्याशी ओरडून बोलणार कोण?"

लोक राहीशी बोलतात एवढं मालिनीताईंनी पाहिलं होतं. राहीही लोकांशी बोलते, हे पाहायचं राहून गेलं.

सुरुवातीचे दिवस नव्या नवरीसारखे गेले. मालिनीताई चिठ्ठी वाचून औषध काढून देत, राही पुडी बांधून गिऱ्हाइकाला कधी घ्यायचं ते सांगे. कुठल्या खणात काय असतं हे ती पाठ करत होती. सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्या जवळ ठेवायच्या नाहीत, चिठ्ठीत नसलेलं आपल्या मनानं द्यायचं नाही, हे ती शिकत होती. किराण्यात तूरडाळ संपली तर मसूर गळ्यात मारता येते. इथं तसं चालत नाही हे तिला पटलं. फक्त आवाज कमी करायचा असतो हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

एका सोमवारी दुकान भरलेलं असताना दादू मास्तर आले. हायस्कुलात गणित शिकवणारे, अत्यंत करारी गृहस्थ. त्यांनी घडी केलेली चिठ्ठी काउंटरवरून सरकवली आणि छताच्या पंख्याकडं बघत उभे राहिले. मालिनीताईंनी ट्यूब काढून ठेवली. तेवढ्यात दोघीतिघी मध्ये घुसल्या, राहीचा गोंधळ झाला आणि तिनं श्रीपतीशेठच्या दुकानात विचारावं तसं विचारलं,

"मूळव्याधीचं मलम कोणाचं हो?"

मास्तर पंख्याकडंच बघत राहिले.

"मास्तर, तुमचंच ना हे?"

मागे त्यांचेच दोन विद्यार्थी उभे होते. मास्तरांनी छत्री उचलली आणि ते चालू लागले. मलम काउंटरवरच राहिलं.

मालिनीताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर राहीला सोपं गेलं असतं. गर्दी ओसरल्यावर त्यांनी तिला स्टुलावर बसवलं. "राही, मास्तरांना बसायलासुद्धा त्रास होतोय. आता ते दुसरीकडं जाणार नाहीत, इथंही येणार नाहीत. नुसते सोसत राहतील. इथं माणूस औषध न्यायला येतो आणि जाताना स्वतःचं दुखणं आपल्याकडं ठेवून जातो. ते सांभाळायचं."

संध्याकाळी राही मलम घेऊन मास्तरांच्या घरी गेली. दार त्यांच्या बायकोनं, गंगाबाईंनी उघडलं.

"काय आणलंस?"

राहीच्या जिभेवर उत्तर येऊन बसलं होतं. ते तिनं गिळलं. "मास्तरांची पुडी हाय. बंद हाय, आत काय ते मला नाय ठाऊक."

"अगं, मेडिकलात कामाला ना तू?"

"नवीन हाय."

आतून मास्तर खाकरले. बाहेर येऊन त्यांनी पुडी घेतली, राहीकडं पाहिलं आणि अगदी हळू म्हणाले, "बरं झालं." ते मलमाबद्दल होतं की आणखी कशाबद्दल, राहीला कळलं नाही, पण घरी जाताना तिला फार हलकं वाटलं.

मग तिनं आवाजाशी झगडा मांडला. घरी ती पोरांशीही कुजबुजून बोलायला लागली. सदू घाबरला. "घसा बसला काय? तुमच्याच दुकानातनं औषध आण." हळूहळू जमलं. बायका काउंटरशी येत, राही पुढं वाकून कान देई आणि बोटानं खण दाखवून मालिनीताईंना खुणावे. पायरीवरची गर्दी आत आली. भागोजीही मोकळा झाला आणि खोकी फोडायच्या कामात रमला.

या सगळ्यात एक अडचण मात्र कोणाच्या ध्यानात आली नव्हती. गावाला राहीची जुनी ओळख होती. किराण्यातली राही सगळं सांगायची, तर मेडिकलातली का नाही सांगणार?

काशीमावशी आली ती याच भरवशावर. काशी ही राहीच्या आईची धाकटी बहीण. तिची मुलगी चिमा बालवाडीत शिकवायची आणि तिला महिपत धनावड्याचं स्थळ आलं होतं. महिपत छापखान्यात खिळे जुळवायचा. उलटी अक्षरं सरळ वाचणारा, पोरगा निर्व्यसनी, घरी थोडी आंब्याची कलमं. काशीमावशी काउंटरवर कोपर टेकून म्हणाली,

"राही, तो महिपत तुमच्या दुकानात येतो म्हणे. काय नेतो गो?"

महिपत दर महिन्याला यायचा. फिटच्या गोळ्या न्यायचा. कागदात गुंडाळून, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवून.

"मावशी, दुकानात सगळीच येतात. तूपण आलीस."

"मला शिकवू नको. सख्खी मावशी हाय मी तुझी. चिमाच्या जन्माचा प्रश्न हाय."

"मी सांगायची नाय."

"म्हणजे काहीतरी हाय!"

"मावशी, कलेक्टरचं विचारलंस तरी मी हेच सांगेन. दादू मास्तरांचं विचार, नायतर सदूचं विचार. मी सांगायची नाय."

काशीमावशी फणकारत गेली. राही मात्र दिवसभर चुकतमाकत होती. सांगावं तर ज्यानं विश्वास टाकला त्याचा घात, न सांगावं तर चिमाचा. शेवटी तिनं मालिनीताईंना विचारलं, "ताई, फिटच्या गोळ्या घेणाऱ्याला संसार करता येतो काय?"

मालिनीताईंनी वर पाहिलं. कोणाबद्दल ते त्यांना कळलं असावं, पण त्यांनी विचारलं नाही. "का नाही येणार? गोळी चुकवायची नाही, जागरणं करायची नाहीत, डॉक्टरांना दाखवत राहायचं. पुष्कळ जण करतात. फक्त घरातल्या माणसाला माहीत असलेलं बरं. वेळ आली तर काय करायचं ते कळतं."

महिपत आला तेव्हा दुपार होती आणि दुकानात दुसरं कोणी नव्हतं. राहीनं गोळ्या पुढ्यात ठेवल्या, पण हात पुडीवरच ठेवला.

"महिपत, काशीमावशी माझी सख्खी मावशी लागते."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे तू सांगितलंस."

"सांगितलं असतं तर तुझ्याशी कशाला बोलले असते? मी नाय सांगितलं. सांगणारपण नाय. पण तू सांग."

"मोडेल."

"मोडेलही. पण लग्न झाल्यावर गोळ्या ठेवशील कुठं? तांदळाच्या डब्यात? सून घरात आली की पहिला तांदळाचाच डबा उघडते."

महिपतला हसू आलं, ते त्यानं दाबलं, मग त्याला रागच आला. "तुझं काम पुड्या बांधायचं हाय," असं म्हणून त्यानं पुडी हिसकली आणि तो गेला. पुढच्या महिन्यात तो आलाच नाही. राही रोज दुपारी दाराकडं बघायची. गोळ्या बंद केल्या असतील तर? आपण तोंड उघडलं ते चुकलं की काय?

महिपतच्या आधी काशीमावशीच आली. पायरी चढतानाच तिचा आवाज लागला होता.

"तुला ठाऊक होतं! सगळं ठाऊक होतं आणि तू तोंडात मिठाची गुळणी धरलीस!"

दुकानात तीनचार गिऱ्हाइकं. राहीनं तिला हाताला धरून आत, खोक्यांच्या मागं नेलं आणि पाणी दिलं. "काय झालं ते सावकाश सांग. आणि हळू."

रविवारी महिपत एकटाच त्यांच्याकडं गेला होता. इस्त्रीचा सदरा घालून. चिमानं पोह्यांची ताटली पुढं ठेवली, तशी त्यानं खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि ताटलीशेजारी ठेवलं. म्हणाला, मला फिट यायची. गोळ्या सुरू केल्यापासून आलेली नाय. पण गोळी रोज लागते. नको असेल तर आत्ताच सांगा, मी पोहे न खाता उठतो.

"मग?"

"मग काय! मी पदर डोळ्याला लावला. आणि ही आमची चिमा त्याला विचारते, दारू पिता काय? तो म्हणाला, नाय. मग तंबाखू? नाय. तर म्हणते कशी, मग एक गोळीच ना, पोहे खा आधी, निवतील!" काशीमावशी हे सांगताना रडतही होती आणि तिला लेकीचं कौतुकही लपवता येत नव्हतं. "मी म्हटलं, विचार कर. ती म्हणते, आई, जो हे आपणहून सांगतो, तो बाकी काय लपवणार?"

राही खोक्यावर बसली. "तो गोळ्या घेतोय ना पण?"

"घेतोय. तुझ्यावर रागावून मारुती मंदिराकडल्या मेडिकलातनं आणल्यान म्हणे." मावशीनं नाक पुसलं. "आणि मीपण रागावलेय. लक्षात ठेव."

ती खरोखरच रागावली होती. वैशाखात लग्न झालं. लग्नपत्रिकेचे खिळे महिपतनं स्वतःच्या हातानं जुळवले होते; पत्रिका छान निघाली होती. चिमानं राहीला गळामिठी घातली, महिपत येऊन लाजत म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून परत तुमच्याकडंच येतो." काशीमावशीनं मात्र पंगतीत राहीच्या पानात जिलबी वाढली ती दुसरीकडं तोंड करून. सदू म्हणाला, "वाढली ना? मग झालं," आणि स्वतःचीही जिलबी राहीच्या पानात ठेवली.

भातलावणी उरकली, गणपती येऊन गेले. चिमा आणि महिपत दोघं मिळून गोळ्या न्यायला येऊ लागले; पाकीट आता चिमाच्या पिशवीत जायचं.

मग एकदा बाजाराच्या दिवशी, दुकान गच्च भरलेलं असताना, काशीमावशी पायरीवर येऊन उभी राहिली. राहीनं तिला पाहिलं. मावशी आत येईना. एकेक गिऱ्हाईक गेलं, भागोजी चहाला गेला, तेव्हा ती चढली, आजूबाजूला पाहिलं आणि काउंटरवर इतकी वाकली की तिचं कपाळ राहीच्या कपाळाला लागायचं बाकी होतं. जन्मात कधी हळू न बोललेली ती बाई राहीच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगत होती.

राहीनं ऐकून घेतलं, मान हलवली, तिला आत मालिनीताईंसमोर बसवलं आणि पडदा ओढला. थोड्या वेळानं मावशी पुडी कमरेला खोचून बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला होता. पायरी उतरता उतरता ती थबकली.

"राही, चिमाला यातलं काय बोलू नको हां."

राहीनं काच पुसायचं फडकं उचललं.

"कशातलं, मावशी?"